उडणारे की तरंगणारे?

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी स्वतःच्या बळावर पंख मारीत आकाशात संचार करण्याची विद्या आजवर केवळ तीन कुळांना साध्य झाली आहे. पक्षी आणि वटवाघळे ही दोन कुळे आपल्या डोळ्यांदेखत रोज उडत असल्यामुळे त्यांच्याविषयी कोणी शंका काढीत नाही. परंतु तिसरे कूळ, म्हणजे टेरोसॉर या नावाने ओळखले जाणारे प्राचीन सरीसृप, सुमारे सोळा कोटी वर्षे पृथ्वीवर नांदून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नामशेष झाले, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या हाडांची जबानी ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लिहून घेतली.

या जबानीला आरंभ झाला तो जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात सापडलेल्या एका सांगाड्यापासून. मानहाइम येथील सरकारी संग्रहाचा अधिकारी कोझिमो कोलिनी, जो एके काळी व्हॉल्तेरचा लेखनिक होता, त्याने १७८४ साली या सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हाताचे एकच बोट इतके अतोनात लांब कशासाठी, हे कोडे त्याला उलगडले नाही, आणि हा प्राणी समुद्रचर असावा असा त्याने तर्क केला. पुढे १८०० साली स्ट्रासबर्गच्या योहान हेरमान याने पॅरिसचा प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिये याला पत्र धाडून, त्या बोटाला कातडीचा पडदा जोडलेला असावा असे सुचविले, आणि क्यूव्हियेने लगोलग हा उडणारा सरीसृप आहे असा निर्णय दिला. तरीही वाग्लर नावाचा पंडित १८३० साली याच पंखांना वल्ही ठरवून प्राण्याला पुन्हा पाण्यात लोटण्यास निघाला होता, हे येथे नमूद केलेले बरे.

परंतु पंख आहेत, एवढ्यावरून प्राणी खऱ्या अर्थाने उडतो असे सिद्ध होत नाही. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील अरण्यांत आढळणारा उडता सरडा बरगड्यांवर ताणलेला पडदा पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, पण तो उंची खर्चून अंतर विकत घेतो. त्याला वर चढता येत नाही. पंखांनी हवा खाली रेटून आपला देह वर उचलायचा, तर छातीवर दणकट स्नायू हवेत, ते स्नायू रोवण्यास हाडांवर जागा हवी, आणि त्या सर्वांना पुरेल एवढा प्राणवायू हवा. टेरोसॉरांपाशी हा सरंजाम होता काय, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर विचार ज्यांनी केला त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्या देशाशी निगडित आहे. अर्नेस्ट हॅन्किन हे इंग्रज शास्त्रज्ञ आग्र्यास सरकारी रासायनिक परीक्षकाच्या हुद्द्यावर होते, आणि गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे त्यांचे १८९६ सालचे निरीक्षण पुष्कळांच्या ऐकिवात असेल. याच गृहस्थांना आकाशातील पक्ष्यांचा विलक्षण नाद होता. सूर्य वर येऊन हवा तापू लागली की प्रथम हलक्या अंगाच्या घारी पंख न हलविता घिरट्या घालू लागतात, आणि जड गिधाडांची पाळी त्यानंतर येते, हे त्यांनी दिवसेंदिवस टिपून ठेवले व १९१३ साली प्राण्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ डी. एम. एस. वॉटसन यांच्या सहकार्याने त्यांनी टेरोसॉरांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि तोही विमानविद्येच्या नियतकालिकात. कॅन्सास येथील खडूच्या खडकांत सापडलेला, डोक्यावर तुरा असलेला प्रचंड टेरॅनोडॉन हा मुख्यतः तरंगणारा प्राणी होता आणि पंख मारण्याची ताकद त्याच्या अंगी बेताचीच असावी, असा या जोडीचा कल होता. ज्या माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे घारी-गिधाडांच्या निश्चल पंखांकडे पाहण्यात घालविली, त्याला लांब पंखांच्या त्या प्राण्यातही निश्चल पंखच दिसावेत, यात मला नवल वाटत नाही.

पुढे १९७४ साली ब्रॅमवेल आणि व्हिटफील्ड या इंग्रज संशोधकांनी गणिताच्या आधारे हेच मत अधिक पक्के केले. टेरॅनोडॉनच्या पंखांचा विस्तार ७ मीटर आणि वजन अवघे १७ किलोच्या आसपास, असा हिशेब त्यांनी मांडला. मग असल्या प्राण्याने वाऱ्याकडे तोंड करून नुसते पंख पसरले तरी तो अलगद उचलला जाई, असे म्हणणे ओघानेच आले. हिशेब निर्दोष असेल. पण वजनाचा आकडा हलका धरला की उत्तरही हलके निघणार, ही त्यातील मेख आहे. अलीकडचे अंदाज त्याहून बरेच जड आहेत.

या मताची फेरतपासणी अमेरिकेतील केव्हिन पॅडियन यांनी १९८३ साली केली, आणि ती त्यांनी वजनापेक्षा सांध्यांकडे पाहून केली हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. टेरोसॉरांची उरोस्थी रुंद आणि ढालीप्रमाणे पसरलेली आहे. भुजास्थीच्या खांद्याकडील टोकाशी एक भला मोठा कंगोरा पुढे आलेला आहे, आणि पंख खाली ओढणारा छातीचा स्नायू याच कंगोऱ्यावर येऊन बसतो. खांद्याचा सांधा पंख वर-खाली मारता यावेत अशा बेताने वळलेला आहे. मोठ्या जातींत तर पाठीचे काही मणके एकमेकांस जुळून एकसंध झालेले असून खांद्याच्या हाडाचे टोक त्या जोडावर टेकलेले आढळते. केवळ पंख पसरून तरंगायचे असते, तर एवढ्या बांधकामाचे प्रयोजन काय? जो ताण कधी यावयाचाच नाही त्याच्यासाठी निसर्ग हाडांची अशी उधळपट्टी करीत नाही. खुद्द पंखाचा पडदाही नुसते सैल कातडे नव्हता. बव्हेरियातीलच जीवाश्मांत त्यावर बारीक तंतूंचे समांतर ठसे स्पष्ट उमटलेले दिसतात, आणि पडदा ताठ राखण्यास हे तंतू साह्य करीत असले पाहिजेत. हाडे पोकळ, हवेने भरलेली; मोठ्या जातींतही त्यांची भिंत जेमतेम एखाद्या मिलिमीटरची. कझाकस्तानातील सॉर्डेस नावाच्या टेरोसॉराच्या अंगावर केसांसारखे आवरण सापडल्याने रक्त उष्ण असावे, या मताला बळकटी आली. आणि उष्ण रक्तावाचून पंखांची सततची मेहनत झेपणे कठीण.

आता सर्वात अवघड मामला, तो म्हणजे जमिनीवरून उठण्याचा. पक्षी दोन पायांवर उसळी घेतो. पण टेरोसॉरांचे मागचे पाय पुढच्या मानाने किरकोळ, म्हणून ते कड्यावरून उडी टाकल्याशिवाय उडूच शकत नसत, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. मायकेल हबीब यांनी २००८ साली निराळी तजवीज सुचविली: हे प्राणी चार पायांवर चालत, मग उसळी मारण्याचे कामही त्यांनी बळकट हातांनीच का करू नये? रक्त पिणारे वटवाघूळ आजही जमिनीवरून असेच हातांच्या जोरावर उसळते. जे स्नायू पंख खाली मारणार तेच देहही वर फेकणार, अशी ही दुहेरी व्यवस्था होय.

राहता राहिला तो टेक्सासमध्ये १९७१ साली डग्लस लॉसन यांना सापडलेला क्वेत्झाल्कोआत्लस. त्याच्या पंखांचा विस्तार प्रथम १५ मीटरांच्याही वर कल्पिला गेला होता. तो आता १० ते ११ मीटरांवर येऊन स्थिरावला आहे. डोनाल्ड हेंडरसन यांनी २०१० साली त्याचे वजन ५०० किलोंच्या वर काढून, हा प्राणी उडणे सोडून दिलेला असावा, असे प्रतिपादन केले. इतर अभ्यासक २०० ते २५० किलोंवर थांबतात. येथे मात्र वजनाच्या वादात न शिरताही एक गोष्ट पाहता येते. उडणे सोडलेल्या पक्ष्यांकडे, शहामृगाकडे किंवा किवीकडे पाहावे, तर त्यांचे पंख खुजे झालेले व छातीचे हाड सपाट पडलेले आढळते. क्वेत्झाल्कोआत्लसची भुजास्थी अर्ध्या मीटरहून लांब आहे, आणि तिच्यावरचा स्नायूंचा कंगोरा तसाच्या तसा, दांडगा आहे.