तण उपटायच्या आधी जरा थांबा

पाऊस सुरू झाला की कुंडीत आपण न लावलेली रोपं उगवतात आणि आपण ती सरसकट उपटतो. ऑफिसात जुन्या कोडमधली ओळ कशासाठी आहे हे बघितल्याशिवाय डिलीट करतो का आपण? मग इथे का?

घोळ घ्या. लालसर देठ, जाड गुळगुळीत पानं, पिवळी फुलं. डाळ घालून मस्त भाजी होते. पण देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती घोळ नाही. अजिबात खायची नाही!

तीन-तीन पानांची आंबुशी राहू द्या, छोटी निळी फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात. दगडी पाल्याच्या फुलांवर मधमाश्या येतात. त्या आल्या नाहीत तर तुमच्या काकडी-भोपळ्याला फळ धरणार कसं?

गाजर गवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट काढा. त्यानं खाज सुटते, काहींना दमाही होतो.

आणि ओळख पटेपर्यंत तोंडात काही घालू नका. आजीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, तिला बहुतेक नाव माहीत असेल. भेटू पुढच्या भागात!