भाड्याचे घर आणि पार्ल्याचा शेजार

(मंडळाच्या मासिक सभेत ‘माझा अनुभव’ ह्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाईंनी मला सांगितले, की ह्या खेपेस तुम्ही बोलायचे. मी म्हटले, अहो, मी सातवी झालेली बाई, मी काय बोलणार? आजवर इथे कुणी परदेशच्या प्रवासाचे सांगितले, कुणी शाळेतल्या नोकरीचे सांगितले. माझा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे नालासोपाऱ्याहून पार्ल्यास. पण त्या म्हणाल्या, “तोच सांगा.” म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर पोटात घाला.

आमचे हे विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला आहेत. पाळी पहाटे चारची असली, की नालासोपाऱ्याहून वेळेवर पोचता येत नसे. मग रात्रीच्या शेवटच्या गाडीने यायचे आणि कुठेतरी बाकावर पाठ टेकायची. दोन वर्षे असे काढल्यावर त्यांची पाठ धरली, आणि मुलगीही पहिलीत जायच्या वयाची झाली. तेव्हा २०१३ साली आम्ही ठरवले, की खोली लहान मिळाली तरी चालेल, पण पार्ल्यातच, पूर्वेला राहायचे.

पार्ल्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावे! इथली टिळक विद्यालयाची शाळा १९२१ सालची आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. इथे बऱ्याच जणींच्या सासूबाईसुद्धा पार्ल्यातच जन्मलेल्या. मी आपली गुहागरकडची. मला पार्ले पहिल्यांदा कळले ते वासाने. बिस्किटांचा कारखाना तेव्हा चालू होता, आणि संध्याकाळी गरम बिस्किटांचा वास स्टेशनपर्यंत येई. माझी मुलगी म्हणायची, “आई, इथे रोज कुणाच्या तरी घरी केक करतात.” २०१६ साली तो कारखाना बंद झाला. कधी स्टेशनावर उतरले, की अजूनही नाक तो वास शोधते.

पण घर मिळणे सोपे नव्हते. एजंटाबरोबर नऊ घरे पाहिली. त्यांतल्या पाच ठिकाणी पहिला प्रश्न हाच, की मासे खाता का? मी खरे तेच सांगितले. कोकणातल्या बाईने मासे खात नाही म्हटले, तर वासाने आठ दिवसांत उघडे पडायचेच! ती पाच घरे गेली. शेवटी एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळाले. भाडे चौदा हजार, अनामत साठ हजार, आणि एक महिन्याचे भाडे एजंटाला. माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या. त्याचे मला वाईट वाटले नाही. ह्यांना घरी झोप मिळू लागली.

घरमालकांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर टाईप केलेला कागद आणला. सगळा इंग्रजीत. ते म्हणाले, “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही.” ह्यांनी सही केली, मीही साक्षीदार म्हणून केली. काय लिहिले आहे ते विचारायचे मनात आले होते. पण भिडेपोटी विचारले नाही. एवढ्या चांगल्या वस्तीतले सुशिक्षित गृहस्थ, त्यांच्यावर शंका कशी घ्यायची?

तीन वर्षांनी त्यांनी घर मागितले, आम्ही दिले. किल्ल्या दिल्यावर साठ हजारांतले त्यांनी बेचाळीस हजार हातावर ठेवले. अठरा हजार रंगाचे आणि भिंत खराब केल्याचे कापले. भिंतीत मी दोन खिळे मारले होते, एक देवांच्या फळीला आणि एक कालनिर्णयला. हे म्हणाले, “जाऊ दे, कोर्टाची पायरी कोण चढणार?” अठरा हजार म्हणजे त्या वेळी माझ्या चार महिन्यांच्या पोळ्यांचे पैसे होते, भगिनींनो. तोवर मी घरोघरी पोळ्या पुरवू लागले होते.

त्या पोळ्यांमुळेच मला कायदा कळला. माझ्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त वकील आजोबा होते. एकदा पैसे द्यायला थांबले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “अगं, तुझी बाजू बळकट होती.” महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे, आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. आणि करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले ह्याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरतात. खोटे असेल तर ते दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचे. मी हे घरी येऊन ह्यांना सांगितले तेव्हा पोळपाट हातातच होता.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मात्र गोड नव्हती. “तू स्वतःला भाडेकरू म्हणतेस, पण कायद्याने तू भाडेकरू नव्हेस,” ते म्हणाले. जुन्या चाळींतल्या पागडीच्या भाडेकरूंना जे संरक्षण आहे ते आम्हाला नाही. आम्हाला फक्त राहण्याची परवानगी असते. मुदत संपली आणि घर सोडले नाही, तर दुप्पट भाडे भरावे लागते. तेव्हापासून मुदतीची तारीख मी गव्हाच्या डब्याच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवते. भिंतीवर नव्हे!

दुसरे घर घेतले तेव्हा मी कराराचे प्रत्येक पान वाचून घेतले. मला इंग्रजी येत नाही म्हणून शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला बसवले, आणि ती वाचेल तसे मी विचारत गेले. नोंदणीसाठी माणूस यंत्र घेऊन घरीच आला. फोटो काढला आणि सगळ्यांचे अंगठे घेतले. माझी आजी अंगठा द्यायची तेव्हा लोक तिला अडाणी म्हणत. आता बंगल्याचे मालकही अंगठाच देतात. नोंदणीची फी एक हजार, आणि मुद्रांक म्हणाल तर एकूण भाडे आणि अनामतीवर दरसाल दहा टक्के धरलेले व्याज, ह्या बेरजेवर शेकडा पाव टक्का. आमच्यासारख्यांच्या खोलीला ते हजाराच्या आतच बसते. एवढे वाचवायला गेले, आणि माझे अठरा हजार बुडाले.

ह्या दुसऱ्या घरात आम्ही सात वर्षे राहिलो. शेजार चांगला होता, कुणी वाकडे बोलले नाही. पण इमारतीच्या फळ्यावर हळदीकुंकवाचे निमंत्रण लागे ते ‘सभासद भगिनींना’. गणपतीची वर्गणी द्यायला गेले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तुम्ही भाडेकरू, तुम्हाला कशाला उगाच खर्च?” त्यांच्या मनात वाईट नव्हते हे मला पक्के ठाऊक आहे. तरी मी वर्गणीचे पाकीट पदराखाली झाकून जिना उतरले.

२०२३ साली ती इमारत पुनर्विकासाला गेली. सभासदांच्या सभा झाल्या. आम्हाला त्या सभांत जागा नव्हती, असण्याचे कारणही नव्हते. नोव्हेंबरात घरमालकांची नोटीस आली, ३१ डिसेंबरला घर सोडा. मुलगी दहावीला. मी मार्चपर्यंत मुदत मागितली, पण सगळ्या इमारतीचीच तारीख ती होती, ते बिचारे काय करणार? घरमालकांना बांधकाम होईपर्यंत बिल्डरकडून भाडे मिळणार होते. आम्हा परवानगीवाल्यांना अनामत तेवढी परत मिळायची. ती ह्या खेपेस पुरती मिळाली, किल्ल्या दिल्या त्याच दिवशी, कारण करारात मी तसे लिहवून घेतले होते.

एका दुपारी त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या दारात आल्या. हातात करार आणि चष्मा. चाळीस वर्षे स्वतःच्या घरात राहिलेल्या, त्यांना भाड्याचे घर कसे घेतात हेच माहीत नव्हते. मी पोळ्या लाटत होते. म्हणाल्या, “हे जरा बघतेस का गं?”

मी म्हटले, “काकू, तुम्ही बी.ए., मी सातवी.”

“असू दे. तू किती करार केलेस! मी एकही केला नाही.”

मग पंधरा मिनिटे त्या काही बोलल्याच नाहीत. नंतर सांगू लागल्या. सहा घरे पाहिली होती. एका ठिकाणी घरमालकाने तोंडावर विचारले होते, दोघेही पंच्याहत्तरच्या पुढचे, काही झाले तर आम्ही काय करायचे? बिल्डर महिना पंचावन्न हजार देणार, आणि गल्लीतली भाडी पासष्टवर गेलेली. एका इमारतीची चोवीस बिऱ्हाडे एकदम बाहेर पडतात, प्रत्येकाला जवळच घर हवे, बाजार तोच, डॉक्टर तेच. मग भाडी वाढतील नाही तर काय? विमानतळामुळे पार्ल्यात इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे, पण जुन्या पडायच्या काही थांबत नाहीत.

त्या रात्री माझ्या मुलीने त्यांचा करार वाचून दाखवला. एकात्तरीची परीक्षा दोन दिवसांवर होती तरी तिने वाचला. अनामत घर सोडल्यावर साठ दिवसांनी परत, असे होते; आम्ही ते किल्ल्या देतानाच असे करायला सांगितले. रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापणार, असे होते; नेहमीच्या वापराची झीज धरायची नाही, असे घालायला सांगितले. मुदत अकराच महिन्यांची होती. इमारत व्हायला तीन वर्षे लागणार, मग ह्या वयात तीनदा सामान हलवायचे? ती छत्तीस महिने करून घेतली, दरवर्षीची भाडेवाढ आधीच आकड्यात लिहून. काकूंचे नवे घरमालक जरा रागावले, पण कबूल झाले. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, त्यांच्यामागून आणखी तिघी. डिसेंबरभर आमच्या ओट्यापाशी करार आणि कणीक शेजारी शेजारी असत.

मुलगी दहावी पास झाली. मार्क जरा कमी पडले. ते घर बदलण्याने की माझ्या ह्या उद्योगाने, ते मला सांगता येत नाही, आणि ती सांगत नाही.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर ‘घर स्वतःचे की भाड्याचे’ असा एक रकाना आहे. तो कधी आणि का घातला ते आज कुणालाच आठवत नाही, मी चौकशी केली. गेल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी काकू माझ्या शेजारीच बसून अर्ज भरत होत्या. त्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ‘भाड्याचे’ लिहिले आणि अर्ज उलटा घालून टेबलावर ठेवला. नवे अर्ज छापाल तेव्हा कार्यकारिणीने तो रकाना काढावा, असे मला वाटते. काकूंनी दुजोरा द्यायचे कबूल केले आहे. त्या तिथे मागे बसल्या आहेत.

आमचे सध्याचे घर येत्या तीस तारखेला सोडायचे आहे, घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले आहे. नवी खोली बाजारामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. करार झाला आहे, नोंदवलेला आहे. पोळ्यांच्या गिऱ्हाइकांनी काळजी करू नये. तीस आणि एकतीस असे दोन दिवस पोळ्या येणार नाहीत; एक तारखेपासून नेहमीप्रमाणे साडेअकराला येतील.