पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाचा सोबती



तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आजची पदवी ही पहिलीच पदवी आहे. तुमचं आणि तुमच्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तुमच्यातलं कुणी पुढे पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तर पहिल्या वर्षी त्याला सांभाळून घेणारं कोण असेल?

असा सोबती बाबासाहेब आंबेडकरांना भेटला होता. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे खोलीसोबती होते. लंडनमधला अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब 1920 मध्ये पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा पैशाची मदत करणाऱ्यांत हेच भथेना होते. कोलंबियातले त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांचं नाव आपण आदरानं घेतो, घ्यायलाच हवं. भथेनांचं नाव मात्र अशा समारंभांत फारसं कानावर येत नाही, म्हणून आज मुद्दाम घेतो.

2022 च्या यूजीसी नियमांनुसार संशोधकाला गाइड असतो, सल्लागार समिती असते, किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. भथेनांसारखा सोबती मात्र त्यात नाही. सिनॉप्सिस किती पानांचा असावा, शोधगंगेवर जुने प्रबंध कसे शोधावेत, फेलोशिप अडकली तर कुठल्या टेबलावर जावं, हे गाइडला विचारायला नवा विद्यार्थी कचरतो. आपल्या ढाणकीहून अमरावतीचं विद्यापीठ दोनशेच्या आसपास किलोमीटर. एका सहीसाठी तिथवर जायचं आणि हात हलवत परतायचं, यात मुलींचं शिक्षण तर सुटतंच. मग पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांचं फावतं. याची मला खरी चीड आहे.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात दिसतो. बुलढाण्याच्या राजू केंद्रे यांनी यवतमाळमध्ये सुरू केलेल्या एकलव्य संस्थेत, आधी शिकून पुढे गेलेली मुलं नव्यांना उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी तयार करतात. पीएच.डी.च्या नोंदणीनंतरही अशी सोबत मिळायला हवी, आणि विद्यापीठानं ते आपलं काम मानायला हवं. प्रत्येक नव्या संशोधकाला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा एक सोबती नेमून द्यावा. तो शक्यतो दुसऱ्या गाइडचा असावा, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. त्यानं प्रबंध लिहून द्यायचा नाही, वाट दाखवायची. आणि त्या वेळेची कामात रीतसर नोंद व्हावी. फुकटच्या भल्या मनावर योजना फार दिवस चालत नाहीत.

विद्यापीठ हे करेल तेव्हा करेल. तुम्ही थांबू नका. आज घरी जाण्याआधी तुमच्यामागच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला तुमचा फोन नंबर द्या, आणि त्यांचा फोन आला की उचला.