गोदामातला वेळ कुणाचा?

जळगावच्या डाळमिलवाल्यांना, धुळ्याकडे दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्यांना गोदामातला उरक वाढवायचा आहे. जरूर वाढवावा! पण हिशेब होतो तो फक्त उतरलेल्या पोत्यांचा. ट्रक उशिरा आला की निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बाया ताटकळत बसतात. मजुरी वजनावर, म्हणजे तो वेळ फुकट. फुकटातला वेळ वाचवायचं मालकाला काय पडलंय? 1969 च्या माथाडी कायद्याच्या अनुसूचीत हमालीबरोबर पोती भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं हीही कामं आहेत. इथं बसलेल्या किती जणींची नोंद माथाडी मंडळात आहे? हात वर करा बरं. आधी नाव नोंदवून घेऊ. मग थांबलेल्या तासांचीही मजुरी मागू. ती द्यावी लागली, की मालक स्वतःच ट्रक वेळेवर बोलावतील.