बाळ दूध ओढत नाही

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, माझ्या परिचारिका भगिनी आणि आशाताई यांची ही परिषद मिरजेत भरते आहे.

या गावात पाहुणा येतो तो सतार न्यायला, नाहीतर दवाखान्यात, असं आम्ही थट्टेनं म्हणतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं; आजही कर्नाटकातले पेशंट रेल्वेनं इथे उतरतात.

स्वागताध्यक्षपदी एखादा उद्योजक बसवायची रीत आहे आणि त्यामागचं कारण आपण सगळे जाणतो. नवजात अतिदक्षता विभागात हयात गेलेल्या एका सिस्टरला हा मान देऊन संयोजकांनी निधीचं गणित कसं जमवलं, ते त्यांनाच ठाऊक. बाहेर दूध पावडरीचे आणि बाटल्यांचे स्टॉल मात्र शोधू नका. बाळांच्या दूध पावडरीविषयीच्या १९९२ च्या कायद्याला २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्या कंपन्यांना आपल्या परिषदांसाठी पैसा देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा जेवायला पिठलं-भाकरी आहे. हळद अर्थातच सांगलीची.

आता कामाचं बोलते. ‘बाळ दूध ओढत नाही’ म्हटलं, की घरात पहिलं बोट आईकडे जातं: हिलाच दूध कमी. खरं तर चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भावस्थेच्या चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला तो कुठून यावा? टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ जीव तोडून चोखतं आणि पोटात थेंबभर जातं. काही बाळांचं दूध तर श्वासनलिकेत उतरतं आणि साधा ठसकाही लागत नाही. यातलं काहीच आईच्या हातात नसतं.

दूध द्यायची नळी नुकती निघालेल्या बाळाला पाजताना बघा. चार-पाच घोट ते भराभर घेतं आणि श्वास घ्यायचं विसरतं. कपाळावर आठी येते, बोटं फाकतात, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं. मॉनिटर नंतर वाजतो, बाळानं आधीच सांगितलेलं असतं. अनुभवी सिस्टर तिथेच हात थांबवते, बाळाला कुशीवर घेते, दोन श्वास होऊ देते. नवखी सिस्टर उरलेले दहा मिली संपवायच्या मागे लागते, कारण चार्टवर आकडा भरायचा असतो. दोष तिचा नाही. आकड्याशिवाय दुसरं काही तिला कुणी विचारतच नाही.

बोंडल्याचं तेच. आपल्या घराघरांत ते होतं, आजी त्यानं बाळाच्या घशात दूध ओतायच्या. पण वाटी असो की बोंडलं, बाळाला जरा उभं धरायचं, कड खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठापर्यंत आणायचं आणि थांबायचं. मुदतीआधी जन्मलेलं बाळही जीभ पुढे काढून आपल्या वेगानं दूध घेतं.

डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाला आईचं दूध मिळत नाही, त्याच्यासाठी दूध साठवायला आपण तेव्हाच शिकलो. ते नीट पाजायची विद्या मात्र अजूनही त्या शिफ्टला कोण आहे यावर अवलंबून असते. मोठ्या शहरात वाचा-उपचारतज्ज्ञ वॉर्डात येतात. तालुक्याच्या गावी त्यांचं काम बाळाला दूध पाजण्याशीही असतं, हेच कुणाला माहीत नसतं.

म्हणून यजमान या नात्यानं एक मागणं. घरी जाताना आईच्या हाती पडतो तो इंग्रजी कागद, त्यावर मिली आणि तास. या दोन दिवसांत सोप्या मराठीत एका पानाचा मजकूर तयार करा: बाळ कसं धरायचं, कधी थांबायचं, कशानं घाबरायचं नाही आणि कोणतं लक्षण दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा. लिहायला बसताना आशाताईंना सोबत घ्या; आईशी कोणत्या शब्दांत बोलायचं, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. उद्या समारोपाआधी मसुदा माझ्याकडे द्या. छपाईचा खर्च स्वागत समिती करील.