कमिशन कुठलं?



हवाई दलात वैमानिक व्हायचंय, असं घरातली लेक म्हणाली...
तर आधी विचारा, कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, कुठलं?

खडकवासल्याच्या एनडीएतून गेली, तर कायम कमिशन.
ॲफकॅट परीक्षेतून उड्डाण शाखेत गेली,
तर अल्पसेवा कमिशन... 14 वर्षांचं.

पगार सारखाच. उड्डाण भत्ताही सारखाच.
फरक पेन्शनचा.

अधिकाऱ्याला नियमित पेन्शन मिळते,
ती 20 वर्षांच्या सेवेनंतर.
पुन्हा सांगते... 20 वर्षं.
मग शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा, त्यावर महागाई दिलासा.
14 वर्षांनी बाहेर पडलं, तर ग्रॅच्युइटी मिळते.
दरमहा पेन्शन नाही.

बढतीचं गणित वेगळंच.
विंग कमांडरपर्यंत सेवेची वर्षं मोजली जातात.
त्यापुढे निवड मंडळ बसतं.
आणि हुद्दा वाढला, की कॉकपिट कमी, फायली जास्त.
काहींना हे मुळीच मानवत नाही.
मला तर त्यांचंच पटतं!

असे वैमानिक 20 वर्षं पुरी करतात,
पेन्शन हक्काची करून घेतात,
आणि मुदतीआधी निवृत्ती मागतात.
नागरी विमान कंपन्यांत त्यांना मागणी असते.
निवृत्तीची मंजुरी मात्र हवाई दलाच्या हाती.