रिकामा हंडा



वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे मुंबईसारख्या नगरींत दोन प्रकारचीं घरें ओळखूं येतात. एका घरांत पाण्याची आठवण तहान लागल्यावर होते. दुसऱ्यांत ती पहांटे तीन वाजतां होते. पहिल्या घरीं तोटी फिरविली कीं काम झालें. दुसऱ्याच्या वस्तींत नळापुढें हंडे, कळशा आणि डबे रांगेनें मांडलेले असतात. मालक झोपीं गेला तरी त्याचा हंडा त्याच्या वतीनें रांगेंत उभा असतो. हा मुका प्रतिनिधि एके काळीं थेट महानगरपालिकेच्या दारापर्यंत चालत गेला, आणि त्यानें मुंबईच्या राजकारणाला एक नवें वळण दिलें. ती हकीकत गोरेगांवची आहे.

ती समजण्यास मुंबईच्या पाण्याची रीत ध्यानांत घ्यावयास पाहिजे. विहार तलाव १८६० सालीं झाला, तुळशी १८७९ सालीं, तानसा १८९२ सालीं. वैतरणेचें पाणी १९५७ सालीं आलें. पावसाळ्याचे चार महिने ह्या सांठ्यांत जें पडेल त्यावर उरलेले आठ महिने काढावयाचे. मृग लांबला कीं साऱ्या शहराच्या तोंडचें पाणी पळतें. शिवाय पाणी अष्टौप्रहर वाहत नाहीं. ठरल्या वेळीं चावीवाला येतो, झडप उघडतो, आणि ठरल्या वेळीं बंद करतो. नळाच्या आरंभीं राहणारे आपल्या टाक्या भरून घेतात. शेवटच्या टोंकास असणाऱ्यांच्या वांट्यास उरलासुरला दाब येतो. म्हणजे पाऊस देव पाडीत असेल, परंतु कोणत्या गल्लींत किती वेळ पाणी सोडावयाचें हें माणसेंच ठरवितात. जें माणसें ठरवितात तें राजकारण होय, मग तें एका गल्लीपुरतें का असेना.

गोरेगांव १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील झालें. त्याच्या पूर्वेच्याच डोंगरांत विहार तलाव आहे. पण तो बांधला गेला दक्षिणेकडील जुन्या शहरासाठीं. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. ह्या गांवीं केशव गोरे आणि मृणाल गोरे हें समाजवादी दांपत्य राहत असे. मृणालताईंचा जन्म १९२८ चा. वैद्यकीचें शिक्षण अर्धवट टाकून त्यांनीं राष्ट्र सेवा दलाचें व समाजवादी पक्षाचें कार्य पत्करलें आणि १९४८ सालीं विवाह केला. दहा वर्षांनीं, १९५८ सालीं, केशव गोरे निवर्तले. पदरीं लहान मुलगी आणि वय अवघें तिशीचें. अशा वेळीं घराचें दार लावून बसल्या असत्या तर त्यांस कोणीं नांव ठेविलें नसतें. त्यांनीं दार उघडें ठेविलें. १९६१ सालीं गोरेगांवच्या मतदारांनीं त्यांस महानगरपालिकेंत पाठविलें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. १८८८ च्या कायद्याप्रमाणें मुंबई महापालिकेंत कारभाराची सूत्रें आयुक्तांच्या हातीं असतात. नगरसेवकाच्या हातीं प्रश्न विचारणें आणि अंदाजपत्रकावर मत देणें एवढेंच मुख्यतः असतें. एकट्या नगरसेविकेच्या प्रश्नाला मिठास उत्तर देऊन तो टाळतां येतो. परंतु तिच्या पाठीमागें वस्तींतील शेंकडों स्त्रिया रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिल्या, म्हणजे तोच प्रश्न टाळणें जड जातें. गोरेगांवकरणींनीं हें केलें. सभागृहांत प्रश्न आणि रस्त्यावर हंडा अशी ती जोडी होती. सभा ज्यांनीं कधीं पाहिली नव्हती अशा गृहिणी नळाचा व्यास, दाब आणि वेळ ह्यांविषयीं अधिकाऱ्यांस जाब विचारूं लागल्या. मृणालताईंस लोकांनीं पदवी दिली ती ‘पाणीवाली बाई’ ही. १९७७ सालीं त्या लोकसभेवर निवडून गेल्या, तेव्हांहि लोकांच्या तोंडीं तीच पदवी होती.

कोणी म्हणेल, मोर्च्यानें तलावांत थेंबभर तरी पाणी वाढतें काय? आक्षेप खरा आहे. धरणें स्थापत्यशास्त्रज्ञ बांधतात, घोषणा नव्हेत. शिवाय सांठा तेवढाच असतां एका वाडीस जास्त दिलें तर दुसरीस कमी पडतें. जिचा आवाज मोठा तिचा हंडा भरला, ह्यास न्याय म्हणतां येत नाहीं. ह्या आक्षेपास उत्तर कृतींतूनच मिळालें. गोरेगांवची चळवळ गोरेगांवापुरती उरली नाहीं. १९७२ सालीं महागाईविरुद्ध समाजवादी आणि साम्यवादी स्त्रिया एकत्र आल्या. मृणालताईंसमवेत अहिल्याताई रांगणेकर होत्या. हंड्याच्या जागीं लाटणें आलें, आणि थाळ्यांचा नाद चाळीचाळींतून उठला. शेजारणीच्या वांट्याचें ओढून घेणें आणि शेजारणीस बरोबर घेऊन सर्वांच्या वांट्याचें मागणें, ह्यांत महदंतर आहे.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजीं वारल्या. प्रश्न मात्र राहिला. डिसेंबर २०१४ मध्यें, पाणी हक्क समितीच्या अर्जावर, मुंबई उच्च न्यायालयानें पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कांतच येतो असें सांगून, अनधिकृत झोंपड्यांतील रहिवाशांसाठींहि पाण्याची कांहीं तरी सोय करण्यास पालिकेस फर्माविलें. जागेचा वाद निराळा आणि तहान निराळी, एवढें ह्यांतून स्पष्ट झालें. पुढें मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होतां प्रशासकानेंच कारभार पाहिला. त्या उन्हाळ्यांत रिकामा हंडा घेऊन निघालेल्या बाईला, तो कोणाच्या मेजावर ठेवावा, असा प्रश्न पडला असेल तर नवल नाहीं. गल्लीच्या नांवानें सभागृहांत उठून बोलणारें माणूसच तेथें नव्हतें.

रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजीत नाहीं, असें म्हणतात. परंतु रडणें एकट्याचें असतें. मागणें मिळून करतां येतें. ज्या सुखवस्तु घरांत तोटी फिरवितांच पाणी येतें, त्या घरानें पुढच्या वैशाखांत एकदां पहांटे उठून जवळच्या वस्तींतील रांग पाहून यावी. तेथें ओळीनें मांडलेल्या हंड्यांत आपला नाहीं, हें पाहून समाधान वाटेल. तें समाधान घरीं परत येईपर्यंत टिकलें नाहीं, तर फेरी सार्थकीं लागली असें समजावें.